तिला विचारू नकोस

दि. ११ फेब्रुवारी

छोट्या,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहितात, म्हणून आशीर्वाद. तब्येत कशी आहे हेही विचारतात. तुझी उत्तमच असणार. ज्याला कुणाचं काही लागत नाही त्याचं बिघडणार काय? आमच्याकडे सगळे मजेत आहेत असंही लिहायची पद्धत आहे. ते मात्र मी लिहिणार नाही.

फोन केला नाही, कारण फोनवर मी ओरडणार आणि तू नेहमीसारखं "हं, हं" करत बसणार. समोर आलास तर काय होईल ते मलाच सांगता येत नाही. दुकानात जेवणाची सुट्टी आहे. मागच्या खोलीत काचा घासायचं मशीन बंद करून बसले आहे. संध्याकाळपर्यंत सहा चष्मे द्यायचेत आणि सकाळपासून दोन काचा मी चुकीच्या घासून वाया घालवल्या. मालकांनी फक्त माझ्याकडे बघितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा तसं बघितलं.

तुझी भाची, जिला ती पाळण्यात असल्यापासून तू रेडिओ म्हणत आलास, आज सोळा दिवस शाळेत गेलेली नाही. तुला हे माहीत आहे. आठवी ब ची हजेरी तूच घेतोस. तरी लिहिते, कारण तुला माहीत आहे हे मला माहीत आहे, हे तुला कळलेलं बरं.

आधी तिचं पोट दुखायला लागलं. मंगळवारी आणि गुरुवारी. मी सकाळी डबा भरत असायचे आणि ही दारात पोट धरून उभी. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला. पोटात काही नाही. मी तिला म्हणाले, नाटकं बंद कर. हे मी स्वतःहून लिहून टाकते, नाहीतर तू कुठूनतरी ऐकशील आणि खूश होशील. मंगळवारी आणि गुरुवारी तुझे गणिताचे दोन तास लागून असतात, हे मला नंतर कळलं. वेळापत्रक तिच्या टेबलाच्या वरच चिकटवलेलं आहे. मी रोज त्याच्यावरची धूळ पुसते.

मग पोट दुखायचं थांबलं. ती रोज वेळेवर तयार व्हायची, दप्तर घ्यायची, निघायची. मला वाटलं, सुटलो. मागच्या सोमवारी सार्वजनिक वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई वाचायचा चष्मा न्यायला आल्या. नाकावर बसवून बघता बघता म्हणाल्या, "तुमची मुलगी फार गुणी हो. रोज सकाळी येते आमच्याकडे. पेपर वाचणाऱ्या आजोबांच्या खोलीत बसते. हूं नाही की चूं नाही."

माझी मुलगी. आणि हूं नाही की चूं नाही! जी दात घासतानाही बोलते, जिला झोपेत गप्प करावं लागतं, ती चार म्हाताऱ्यांमध्ये नऊ दिवस तोंड मिटून बसली होती. शाळेला तिने आजारपणाची चिठ्ठी दिली होती, खाली माझी सही. शाळेत जाऊन मी ती पाहिली. सही इतकी हुबेहूब की क्षणभर मलाच वाटलं, मीच केली असेन.

आता तू सांग. सख्ख्या भाचीचा बाक नऊ दिवस रिकामा. तुला एक फोन करावासा वाटला नाही? चिठ्ठी खरी का खोटी, हे विचारावंसं वाटलं नाही? शिपाईसुद्धा विचारतो रे, "ती पोरगी दिसत नाही हल्ली." त्याने मला फाटकाशीच विचारलं.

बरं, फोन राहू दे. तू घरी येणंच बंद केलंस. पूर्वी दर रविवारी यायचास, तिच्याशी पत्ते खेळताना लबाडी करायचास आणि पकडला गेलास की माझ्यावर ढकलायचास. हे सगळं वर्ष एकदाही नाही. ती पहिले काही रविवार गॅलरीत उभी राहायची. मग तीही थांबली.

आता मुख्य गोष्ट. ती घरी बसली आहे म्हटल्यावर मी तिचं दप्तर उपसलं. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर रेघा होत्या. उभ्या चार आणि त्यांच्यावर एक आडवी, असे पाचाचे गठ्ठे. मला वाटलं कसला तरी खेळ असेल. मी तिला विचारलं. मग म्हणाली, "हात वर केला की एक रेघ." आणि बाजूला एक चौकोन आखलेला, रिकामा. "तो कशाचा?" "सरांनी विचारलं की त्यात रेघ काढायची होती."

एकशे बारा रेघा आहेत, छोट्या. मी मोजल्या. पहिल्या महिन्यात पानभर, मग विरळ होत गेल्या. नोव्हेंबरमध्ये एक. नंतर नाहीत. चौकोनात एकही नाही.

शाळेतल्या समुपदेशक बाईंसमोर आम्ही दोघी बसलो होतो. त्यांनी तिला विचारलं, सर ओरडायचे का, मारायचे का, टोमणे मारायचे का? ती म्हणाली, "ओरडले असते तरी चाललं असतं." बाईंनी ते लिहून घेतलं. मला सांगितलं की मूल हुशार असो की नसो, वर्गात आपण कुणाच्या तरी गणतीत आहोत असं त्याला वाटावं लागतं, नाहीतर आधी मन वर्गाबाहेर जातं आणि मागून मूल. सगळ्यांचे पेपर तू नाव घेऊन वाटायचास म्हणे. हिचा शेवटी, नाव न घेता, बाकाच्या कडेला ठेवून पुढे जायचास. खरं आहे ना? असं दगडासारखं वागायला काय खाऊन जन्माला आलास?

वर्षाच्या सुरुवातीला आपलं काही बोलणं झालं असेल, नसेल. तो विषय वेगळा. तो इथे आणू नकोस. मोठ्या बहिणीने काहीही सांगितलं तरी बारा वर्षं शिकवलेल्या माणसाने स्वतःचं डोकं वापरायचं असतं.

मी काल मुख्याध्यापिकांकडे लेखी तक्रार दिली. विद्यार्थिनीकडे जाणूनबुजून दुर्लक्ष, त्यातून मानसिक त्रास. त्यांनी चौकशी होईपर्यंत तुला आठवी ब वरून काढलं आहे, हे तुला कळलंच असेल. हजेरी इतकी खाली आली आहे की सोमवार, चोवीस तारखेपर्यंत ती वर्गात आली नाही तर वार्षिक परीक्षेला बसू देणार नाहीत. वर्ष गेलं. तुला झोप येत असेल तर झोप.

उत्तर दे किंवा देऊ नकोस.

नात्याने, आणि तेवढ्यापुरतीच,
ताई


दि. २१ फेब्रुवारी

छोट्या,

तुझं पाकीट मिळालं. वर माझा पत्ता, तुझ्या त्या फळ्यावरच्या अक्षरात. आत तुझी एक ओळ नाही, "ताई" एवढंसुद्धा नाही. नुसती माझीच जूनमधली चिठ्ठी. मी उघडली आणि मागच्या खोलीत तशीच उभी राहिले. मशीन चालू होतं, काच घासून घासून पातळ झाली, तरी माझं लक्ष नाही. या महिन्यात मालकांच्या तीन काचा मी फुकट घालवल्या. ती चौथी.

केवढा नीटनेटका रे तू! घडीसुद्धा मी घातली होती तीच. आमच्या दुकानाच्या पावतीच्या पाठीमागे लिहिलेली, वरच्या कोपऱ्यात कुण्या गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा नंबर. आठ महिने तू हा कागद जपून ठेवलास. कशासाठी? या दिवसासाठीच ना? म्हणजे मी कधी ना कधी तुझ्या अंगावर येणार हे धरूनच तू चालला होतास. अशा माणसाशी भांडायची सुद्धा सोय नाही.

ठीक आहे. मीच लिहिते, म्हणजे मी वाचली नाही असं तुला वाटायला नको.

"छोट्या, यंदा रेडिओ तुझ्या वर्गात आहे. वर्गात ती तुझी भाची नाही. तिला विचारू नकोस, तिचं कौतुक करू नकोस, तिचं नावसुद्धा जास्त घेऊ नकोस. उत्तर येत असलं तरी दुसऱ्याला विचार. कुणी बोट दाखवता कामा नये. वर्ष संपेपर्यंत घरी येणंही जरा कमी कर, पोरं बघतात. यात काही चुकलास तर माझ्याशी गाठ आहे. तिला यातलं काही सांगू नकोस."

माझंच अक्षर. माझीच भाषा. "माझ्याशी गाठ आहे" हे मी आयुष्यभर तुला म्हणत आले, आणि तू आयुष्यभर कधी ऐकलं नाहीस. शाळेत असताना सांगितलं, बाबांची सायकल घेऊ नकोस, घेतलीस. सांगितलं, नोकरी सोडू नकोस, सोडलीस. एवढी एकच गोष्ट तू शब्दन् शब्द पाळलीस. इथेच तुला आज्ञाधारक व्हायचं होतं?

शाळेत बाबा आपल्याला शिकवायचे, हे आपल्या दोघांशिवाय आता कुणाला आठवत नाही. मी सहावीत पहिली आले त्या दिवशी मागच्या बाकावरून आवाज आला, "पेपर घरीच फुटला असणार." सगळा वर्ग हसला. बाबा फळा पुसत होते, त्यांनी पुसतच राहायचं ठरवलं. त्यानंतर मी प्रत्येक पेपरात एक गणित मुद्दाम सोडायचे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. येत असलेलं, पूर्ण येत असलेलं गणित कोरं सोडायचं आणि तिसरं-चौथं यायचं, म्हणजे कुणी काही बोलत नाही. पुढे सोडायची सवयच लागली. आज मी दुकानाच्या मागच्या खोलीत दुसऱ्यांना दिसावं म्हणून काचा घासते, यात त्या सोडलेल्या गणितांचाही हात आहे. माझ्या मुलीला कुणी "सरांची भाची" म्हणून हसू नये, एवढंच मला हवं होतं. एवढंच.

पण तू! तुला तर माझ्याहून जास्त कळायला हवं होतं. पक्षपात करत नाही हे दाखवायला बाबा तुला इतरांच्या दुप्पट छड्या मारायचे आणि घरी येऊन त्याच हाताला मलम लावायचे. तू तेव्हा दहा वर्षांचा होतास. एकदा मला म्हणालास, "ताई, वर्गात ते बाबा नसतात, मग कोण असतात?" तुझी भाची वर्षभर बाकावर बसून तोच प्रश्न तोंडावर घेऊन तुझ्याकडे बघत होती, आणि तू फळ्याकडे तोंड करून उभा होतास. माझी चिठ्ठी खिशात होती म्हणून! चिठ्ठी फाडायला किती ताकद लागते?

मी तुला माफ केलेलं नाही. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुझा गैरसमज होईल.

काल मी मुख्याध्यापिकांकडे गेले. चौकशीत तू काय सांगितलंस ते त्यांनी दाखवलं. "माझ्याकडून दुर्लक्ष झाले. कारण सांगता येणार नाही." खाली सही. वाचून माझं डोकंच फिरलं. हा मोठेपणा कुणासाठी? तू गप्प राहून नोकरी पणाला लावायचीस, आणि मी जन्मभर तुझ्या उपकाराखाली वाकून चालायचं? तुझे उपकार तुझ्याजवळ ठेव. मी पर्समधून चिठ्ठी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि तक्रार परत मागितली.

त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मला वाटलं, आता झाडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्हाला नेमकं काय टाळायचं होतं?" तक्रार त्यांनी परत दिली. सोमवारपासून आठवी ब पुन्हा तुझ्याकडे. मला मात्र त्या दारापर्यंत सोडायला आल्या नाहीत.

समुपदेशक बाई बाहेर भेटल्या. म्हणाल्या, ती परत यायची असेल तर तिला खरं कारण कळायला हवं, आणि ते तुम्हीच सांगायला हवं. मी म्हटलं, सांगते. घरी आले. ती टेबलाशी बसून एका कागदाच्या बारीक बारीक घड्या घालत होती. मी चहा केला. दोन कप झाले. सांगितलं नाही. आज सकाळीही नाही.

आता ते लिहिते, जे मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही आणि मुख्याध्यापिकांना, बाईंना, हिच्या बाबांनाही सांगितलेलं नाही. चिठ्ठी ही काही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट नाही.

ऑक्टोबरमध्ये एकदा ती माझ्याजवळ आली होती. मी इस्त्री करत होते. तिने विचारलं, "आई, मामाला मी आवडत नाही का?" सरळ विचारलं, माझ्याकडे बघून. तेव्हा मला सगळं सांगता आलं असतं. एक मिनिट लागलं असतं. मी लिहिलंय गं ते, मीच त्याला सांगितलंय, माझ्या वेड्या भीतीपायी. पण मग मी चुकले असं झालं असतं. आणि ती तुझ्याकडे धावत गेली असती, आणि पोरांना कळलं असतं. मी इस्त्री उचलली सुद्धा नाही. म्हणाले, "काही माणसं तशीच असतात. तू मनावर घेऊ नकोस." शर्टाची कॉलर जळाली. ती "बरं" म्हणाली आणि गेली. वहीतली ती नोव्हेंबरची शेवटची रेघ त्याच्या नंतरची आहे. म्हणजे मी असं सांगितल्यावरही तिने तुला आणखी एक संधी दिली होती.

तिला तू नाकारलं नाहीस. तिला नाकारायला मी तुला लावलं, आणि वर तिची समजूत घातली की तो तसाच आहे. आता तू मला हवं ते म्हण. तुझ्या बाजूने बोलायला मी नाही, पण तुझ्या विरुद्धही आता तोंड नाही.

तोंडाने मला हे तिला सांगता येत नाही. काल आणि आज प्रयत्न करून पाहिला. तिच्याजवळ जाते आणि काहीतरी भलतंच बोलते, दूध आणलं का, केस विंचर. म्हणून हे पत्र मी पाकिटात घालणार नाही. तिच्या टेबलावर ठेवणार आहे, शेजारी पाकीट आणि तिकीट. आधी ती वाचेल. फाडायचं असेल तर फाडेल, मग तू मला खोटारडी समजत राहशील. ते चालेल, खोटारडी मी आहेच. तुझ्या हातात हे पडलं तर ते पेटीत मी टाकलेलं नाही, एवढं समज.

आशीर्वाद कुणी कुणाला द्यायचे तेच कळेनासं झालंय.

तुझी,
चुकलेली, आणि अजून तुझ्यावर चिडलेली,
ताई


सर,

आईच्या सहीखाली जागा होती म्हणून इथेच लिहिते. मी सगळं वाचलं. दोनदा वाचलं. आईशी मी बोलत नाहीये. तुमच्याशी पण नाही. तुम्ही दोघांनी ठरवलं आणि मला कुणी विचारलं नाही, हे मला अजिबात आवडलेलं नाही. मामा म्हणून तुम्ही रविवारी आलात तर मी दार उघडणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

सोमवारी पहिल्या तासाला मी येणार आहे. मुलं हसली तर हसू देत. इतक्या दिवसांत वर्गात काय शिकवलं ते मला माहीत नाही, त्यामुळे उत्तर बहुतेक चुकेल.

तरी मलाच विचारा.

आपली विद्यार्थिनी,
आठवी ब